माझ्या मांड्यांचे निधन

समस्त आप्तेष्ट, हितचिंतक आणि तालमीतले सवंगडी यांना कळविण्यास अत्यंत दुःख होते की, सत्तरच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात माझ्या दोन्ही मांड्यांचे सांगलीतल्या एका दवाखान्यात दीर्घ विश्रांतीने निधन झाले. त्यांच्या पश्चात दोन गुडघे, एक लंगोट आणि मी असा परिवार आहे.

हसू नका. वडूजकडच्या आमच्या गावात त्या मांड्यांना मान होता. मी शड्डू ठोकला की तालमीच्या पत्र्यावरची कबुतरं उडायची. मांडीवर तळवा आपटून काढलेला आवाज हीच पैलवानाची ओळख. आमचे वस्ताद तर डोळे मिटून बसायचे आणि नुसत्या आवाजावरून सांगायचे, कोण मेहनत करतोय आणि कोण फुकटचं दूध पितोय.

मग माझ्या लिव्हरला गळू झालं. हल्ली म्हणे आख्खं लिव्हरच बदलून मिळतं. तेव्हा ते आपल्यालाही असतं, हे आम्हाला दुखल्यावर कळायचं. पोट उघडून पू काढला. सांगलीसारख्या हळदीच्या बाजारपेठेत मी काविळीनं पिवळाधमक होऊन गेलो होतो, त्यामुळे तिथं कुणाला फारसं नवल वाटलं नसावं.

पू गेला, ताप गेला, आणि जाताना अंगावरचं मांसही घेऊन गेला. एका सकाळी चादर सारली, तर पायजम्यात शेवग्याच्या दोन शेंगा! डॉक्टर म्हणाले, "लिव्हर बरं आहे. आता जमिनीवर बसायचं आणि हात न टेकता उठून दाखवायचं. ज्या दिवशी उठशील, त्या दिवशी घरी."

बसायला मी तयारच होतो. त्यात कष्ट नव्हते, धपकन व्हायचं. उठताना मात्र मांड्या मला ओळखच द्यायच्या नाहीत.

माझ्याजवळ आबा असायचे. म्हणजे माझे वडील. फौजेतून हवालदार होऊन पेन्शनीवर आलेले. लहानपणापासून त्यांच्या हाताशी माझी गाठ पडली ती फक्त पाठीत धपाटा बसताना. आता तोच हात दिवसभर माझ्या बगलेत. बसलो की हात, उठलो की हात. सोडलं तर पोटाचे टाके उसवतील, अशी त्यांची पक्की समजूत होती.

"हवालदार, व्यायाम कोण करतंय? तो की तुम्ही?" डॉक्टर वैतागायचे. "सोडा त्याला."

"सोडलाय की," आबा म्हणायचे. हात बगलेतच.

रोज सकाळी ते मला खाटेच्या कडेला बसवून हुकूम सोडायचे, "ठोक!" मी शेंगेवर तळवा आपटायचो. ओलं फडकं दगडावर पडावं तसा आवाज व्हायचा. आबा कान देऊन ऐकायचे. "हाय. आवाज हाय. बारीक हाय, पर हाय."

"कसला हाय?" शेजारच्या खाटेवरचे काका म्हणायचे. हे सांगलीजवळचे जैन शेतकरी, पित्ताशयातला खडा काढायला आलेले. दिवस मावळायच्या आत जेवून मोकळे व्हायचे आणि मग उरलेली संध्याकाळ आमच्यावर घालवायचे. "पापड मोडल्याचा आवाज हाय त्यो! आवं हवालदार, पैलवान म्हणताय तो ह्योच, का गावाकडं दुसरा हाय?"

दुपारी पेठेकडून वारा आला की हळदीचा वास यायचा, आणि माझं काळीज गावाला पळायचं. तालमीच्या मातीत आम्ही ताक, तेल आणि हळद कालवायचो. डोळे मिटले की ती थंडगार लाल माती पाठीला लागायची. घरी कधी जाईन, असं झालं होतं. आणि गंमत बघा, घरी गेलो की हा बगलेतला हात काही बरोबर येणार नव्हता. तो पुन्हा पाठीत धपाटा घालायच्या कामावर रुजू होणार होता. माती हवी होती आणि हातही हवा होता. आज तालमीच्या जागी पिठाची गिरणी आहे, आबांना जाऊनही बरीच वर्षं झाली, तरी जिना चढताना माझी बगल आपोआप जराशी उघडते.

शेवटी डॉक्टरांनीच शक्कल काढली. आबांना थेट दाराशी उभं केलं. "इथून हलायचं नाही. हुकूम आहे." हुकूम म्हटल्यावर आबांनी टाचा जुळवल्या.

मी खाली बसलो. सिस्टर औषधाचा ट्रे धरून थांबली. मी उठायला लागलो. निम्म्यावर आलो आणि अडकलो. मांड्या थरथरत होत्या, बगल हाताची वाट बघत होती. हात आला नाही. आता बसतोय धपकन, असं वाटलं, आणि तेवढ्यात दाराशी फाडकन आवाज झाला. आबांनी शड्डू ठोकला होता. स्वतःच्या मांडीवर, धोतर वर सारून, भर दवाखान्यात! सिस्टरच्या ट्रेमधल्या बाटल्या वाजल्या. कबुतरं असती तर उडाली असती.

कसा ते सांगता येत नाही, पण मी उभा होतो. काही न धरता. कुणी टाळी वाजवली नाही, कारण सगळे दाराकडे बघत होते. तिथं आबा हुकमाप्रमाणे जागच्या जागी उभे होते, पण चौकटीला गच्च धरून. शेजारच्या काकांना काही राहवेना.

"आवं हवालदार, पोरगं उभं ऱ्हायलं की! आता तुमी बसा, तुमचंच पाय लटालटा कापाय लागल्यात!"