सासूबाईंच्या वाती

काल इस्त्रीखाली ओढणीचं टोक करपलं आणि त्या वासाने नेदरलँड्समधल्या उइटहॉर्न गावातला लॉकडाऊनचा हिवाळा आठवला. नवऱ्याने सिगारेट सोडून चार महिने झाले होते; त्याऐवजी तो व्हेप, म्हणजे ई-सिगारेट ओढायचा आणि त्यातली तापणारी तार, द्रव शोषणारा कापूस स्वतःच बदलायचा. तो खास कापूस संपला तेव्हा व्हेपची दुकानं बंद होती, सुपरमार्केटात सिगारेटी मात्र मिळत होत्या. दोन दिवस तो त्या काउंटरकडे न बघता नुसतं दूध घेऊन परत आला. तिसऱ्या दिवशी त्याने माझा मेकअप पुसायचा कापूस भरून पाहिला. पहिल्याच झुरक्याला तो करपला आणि नवऱ्याला जोरात ठसका लागला. मग त्याची नजर देव्हाऱ्याजवळच्या पुडीवर गेली. सासूबाईंनी पुण्याहून स्वतः वळलेल्या वाती पाठवल्या होत्या. "अरे, देवाच्या आहेत त्या!" मी म्हणाले. "कापूसच आहे ना?" म्हणत त्याने एक वात उलगडली, उकळली, रेडिएटरवर वाळवली आणि तारेच्या वेटोळ्यातून ओवली. चव जरा कच्ची लागते म्हणाला, पण वात करपली नाही. दुकानं उघडेपर्यंत पुडी रिकामी झाली. व्हिडिओ कॉलवर सासूबाईंनी विचारलं, "वाती आहेत ना गं?" "संपल्या, आई." त्यांचे डोळे भरून आले. "मला वाटलं होतं, तिकडे तू दिवासुद्धा लावत नसशील." नवरा कॅमेऱ्याबाहेर उभा होता; मी घाईने विषय बदलला. आता त्याचं व्हेपही सुटलंय, पण सासूबाई अजून शेजारणींना माझ्या भक्तीचं कौतुक सांगतात, आणि मी खाली मान घालून ऐकते.