कोंबड्याचा बूट

आमच्या घरात आजारी पडायचं असेल तर कोंबड्याच्या जन्माला येऊन पडावं. हे मी रागाने म्हणत नाही, अनुभवाने म्हणते. खरं सांगायचं तर थोडं रागानेही म्हणते.

आम्ही सुलतानपूरचे. आमचे हे एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाल्यावर वांगी, मिरच्या आणि कोंबड्या या तीन गोष्टींत त्यांनी मन रमवलं. चौथी गोष्ट घरात होती, पण ती आधीपासूनच होती, त्यामुळे तिच्यात नवीन रमण्यासारखं काही नव्हतं. ती म्हणजे मी. मी ओसरीत पायमशीन घालून बायकांची ब्लाउजं, पंजाबी ड्रेस शिवते. मशीनला मोटर लावून घे असं पोराने पुण्याहून किती वेळा सांगितलं. त्यावर ह्यांचं उत्तर ठरलेलं, "मोटर कायले पाह्यजे? पाय मजबूत हायेत तिचे."

तर त्या मजबूत पायांपैकी उजव्याची गोष्ट आधी सांगते, कारण ती आधी घडली. अंगठ्याच्या मागे, तळव्याच्या गादीवर, पायडल दाबून दाबून मला जुनं कुरूप झालं होतं. ते यंदा हिवाळ्यात तडकलं. आधी नुसतं टोचायचं, मग ठणकायला लागलं, मग चपलेला ओल लागायला लागली. माझ्या आईच्या पायाचं असंच झालं होतं. तिला साखर होती आणि पायाकडे पाहायला कोणाला सवड नव्हती. शेवटी दवाखान्यात तिचं बोट कापलं. मलाही दोन वर्षांपासून साखरेची गोळी सुरू आहे. म्हणून मी भ्याले होते, चांगली भ्याले होते.

स्वतःचा तळवा स्वतःला पाहता येत नाही ही मोठी अडचण. गिऱ्हाइकांसाठी ओसरीत आरसा लावला आहे, तो काढून जमिनीवर ठेवला आणि त्याच्यावर पाय धरून वाकून पाहिलं. काहीतरी काळं दिसलं आणि कंबरेत उसण भरली. पाय राहिला बाजूला, तो दिवस कंबर शेकण्यात गेला.

ह्यांना मी सांगितलं. नाही सांगितलं असं कोणी म्हणू नये. संध्याकाळी हे मोबाइल पाहत बसले होते, तेव्हा म्हटलं, "अहो, माहा पाय लई ठणकून राह्यला." मोबाइलवरची नजर न काढता हे म्हणाले, "चप्पल बदल." मी चप्पल बदलली.

त्यानंतर एक दिवस आमचा कोंबडा लंगडला.

हा कोंबडा म्हणजे ह्यांचा जीव. शेजारच्या बीबी गावच्या बाजारातून पिल्लू आणलं होतं, ते वाढून तांबडं, भरदार, माणसाच्या अंगावर येणारं झालं. त्याला टिनाच्या शेडवर चढून आरवायची सवय. आरवून झालं की तिथून थेट फरशीवर धप्पकन उडी. त्या दिवशी उडी मारली आणि साहेब एक पाय वर धरून उभे राहिले. ह्यांना ते चहाच्या आधी दिसलं. चहाच्या आधी ह्यांना मी कधी दिसल्याचं मला आठवत नाही.

कोंबडा लगेच काखेत आला. कंडक्टरची बॅग जशी काखेत धरायचे तसाच धरला. चष्मा लावला, वर मोबाइलची बॅटरी लावली, आणि तळवा पाहून हे जोरात ओरडले, "अवं, आत पू झाला याच्या!" मी पीठ मळत होते. कोणीतरी मेलं की काय असं वाटून तशीच धावले. पाहते तर कोंबड्याच्या तळव्यावर काळी खपली आणि भोवती सूज. मला हसू येईना की रडू. जे मला आरशात नीट दिसलं नव्हतं ते इथे स्वच्छ दिसत होतं.

मग त्याला पिशवीत घालून, डोकं बाहेर ठेवून, मोटरसायकलवर ढोरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरने पाहिलं, मलम दिलं आणि सांगितलं की उंचावरून उड्या मारून असं होतं, घरीच बरं होईल. रोज कोमट मिठाच्या पाण्यात पाय भिजवायचा, खपली मऊ झाली की काढायची, आत साचलेलं स्वच्छ करायचं, मलम लावून पट्टी बांधायची, आणि त्याला मऊ जागेवर ठेवायचं. कोंबडा घाबरू नये म्हणून पट्टी करताना तोंडावर टॉवेल टाकायचा. हे सगळं ह्यांनी घरी येऊन मला असं सांगितलं, जसं काही स्वतःच शिकून आले.

ज्या माणसाने जन्मात गॅस पेटवला नव्हता तो माणूस सकाळी उठून पातेल्यात पाणी तापवायला लागला. पाणी किती गरम आहे ते कोपर बुडवून पाहायला लागला. पोरगं तान्हं असताना ह्यांचं कोपर कुठे होतं कोणास ठाऊक, बहुतेक ड्यूटीवर असेल. ओसरीत माझ्या मशीनशेजारी बुटका स्टूल आला, त्याच्यापुढे घमेलं आलं. माझा चांगला टॉवेल कोंबड्याच्या तोंडावर गेला. कोंबडं झाकल्याने उजाडायचं राहत नाही म्हणतात, पण आमचा कोंबडा झाकला की मेल्यासारखा शांत पडायचा आणि हे त्याच्याशी बोलायचे. "झालं राजा, झालं. दुखते का? दुखते माह्या राजाले." मी मशीनवर बसून हे ऐकायचे. इतक्या वर्षांत "दुखते का" हा प्रश्न ह्यांना येतो हेच मला माहीत नव्हतं.

शेडमध्ये सोयाबीनच्या कुटाराचा, म्हणजे भुशाचा, जाड थर पडला. शेडवर चढू नये म्हणून वर काटेरी फांद्या पडल्या. आणि असतील शितं तर जमतील भुतं, तशी ओसरीत माणसं जमायला लागली. एक म्हणे बिब्ब्याचा चटका द्या. दुसरा म्हणे गूळ गरम करून लावा. तिसरा नुसता कोंबड्याच्या मांडीकडे पाहत होता. तो शेवटी म्हणाला, "भाऊ, मी काय म्हनतो, आता म्हसोबाले देऊन टाका. देवाचं बी होते अन् आपलं बी."

हे भडकले. "लंगडं देवाले चालत नाही, समजलं का? जा बे घरी."

तेव्हा शेजारच्या बांगडीवाल्याची बायको ड्रेसचं माप द्यायला आली होती. तीही म्हणाली, "सही बात हाय. आमच्यात बी कुर्बानीले लंगडं जनावर चालत नाही." अशा रीतीने दोन्ही धर्मांनी मिळून आमच्या कोंबड्याला अभय दिलं. लंगड्या बाईबद्दल कोणत्याही धर्मात काही सोय आहे का, ते मी विचारलं नाही.

तीच दुसऱ्या खेपेला ड्रेस न्यायला आली तेव्हा माझं काम बाकी होतं. ती बसली आणि ऐकत राहिली. मी चार टाके मारायचे, थांबायचे, पुन्हा मारायचे. ती म्हणाली, "ताई, तुमची मशीन लंगडून राह्यली." मी हसले. हे स्टुलावर बसून खपली काढत होते, तेही हसले. म्हणाले, "तेल टाक तिच्यात."

रविवारी पोराचा व्हिडिओ कॉल आला. पुण्याला गेल्यापासून त्याचं "मले" जाऊन "मला" आलं आहे, आणि आमच्याशी बोलताना तो जरा थांबून थांबून बोलतो, आम्ही परदेशी असल्यासारखा. ह्यांनी कोंबड्याचा पाय दाखवायला मोबाइल खाली नेला. मी पाय वर घेऊन बसले होते. पोरगं म्हणालं, "बाबा, ते काळं काय आहे?"

"ते होय? तो तुह्या मायचा पाय होय. थांब, कोंबडा दाखवतो."

पोराने कोंबडा पाहिला. नेटवर वाचून काय काय करता येईल ते सांगितलं. "स्वच्छता ठेवा, बाबा, इन्फेक्शन पसरू शकतं," असंही म्हणाला. फोन ठेवताना मला म्हणाला, "आई, काळजी घे." मी म्हटलं, "घेऊन राह्यलो ना आम्ही त्याची काळजी." त्याला ते कळलं नाही.

पट्टी टिकत नव्हती. कोंबडा उकिरडा उकरायचा आणि पट्टी शेणामातीत लोळायची. मग ह्यांना युक्ती सुचली. युक्ती ह्यांची असली की काम माझं असतं.

"बूट शिव त्याले," हे म्हणाले.

"काय?"

"बूट वं. तू तं टेलर हायेस."

मी शिवला. जुन्या सीटकव्हरचं रेक्झीन होतं, आतून फोमचा तुकडा, वर बांधायला वेल्क्रो. कोंबड्याच्या पायाचं माप टेपने घेतलं. नखांना जागा सोडली. माझ्या गिऱ्हाइकांत एवढं नखरेल गिऱ्हाईक दुसरं नाही. ट्रायल दिली तेव्हा त्याने माझ्याच हाताला चोच मारली. रेक्झीन जाड, सुई जाता जाईना, पायडलवर सगळा भार द्यावा लागला. आणि एका टाक्याला माझ्या तळव्यात असं काही फुटलं की डोळ्यांपुढे काजवे चमकले. पायडल ओलं झालं. मी मशीन थांबवून तशीच बसले.

"थांबली काऊन वं?" ह्यांचा आवाज आला.

"पाय दुखून राह्यला."

"आता कसा दुखन? सकाळीच तं मलम लावलं त्याले!"

तेव्हा मला रडू आलं. ते दुखण्याने आलं की ह्यांच्या उत्तराने, ते मी आजही नक्की सांगू शकत नाही. पदराने डोळे पुसले, पायडल पुसलं आणि बूट पुरा केला. टाका एकही वाकडा गेला नाही.

बूट गावात गाजला. लोक कोंबड्याचे फोटो काढून गेले. हे प्रत्येकाला सांगायचे, "घरचीच शिलाई हाय." माझं एवढं कौतुक ह्यांनी लग्नात मांडवातही केलं नव्हतं. आणि कोंबडा खरंच बरा झाला. आधी आतून पुवाची कडक गोळी निघाली, मग सूज उतरली, मग तळव्यावर गुलाबी कातडी आली. यात ह्यांच्या हाताचं काम आहे, हे मी नाकारत नाही. हात हलका आहे ह्यांचा. तेच तर माझ्या मनाला लागलं होतं. हात कठोर असता तर राग तरी सोपा गेला असता.

शेवटच्या दिवशी ह्यांनी पाणी तापवलं, घमेलं ठेवलं, कोंबड्याला काखेत घेऊन स्टुलावर बसले. बूट काढला, पट्टी काढली, चष्म्यातून तळवा निरखला आणि म्हणाले, "आज पाण्याची गरजच नाही. खणखणीत!" त्याला खाली सोडला. तो दोन्ही पायांवर तडतड पळत गेला, काटेरी फांद्या चुकवून शेडवर चढला आणि आरवला. आणि मग, ज्या उडीमुळे हे सगळं झालं होतं तीच उडी त्याने पुन्हा मारली. उपकाराची जाण असलेला कोंबडा मी अजून पाहिला नाही.

ह्यांनी अंगणात आजूबाजूला पाहिलं. त्या दिवशी नेमकं पाहायला कोणी नव्हतं. हात रिकामे झाल्यावर माणूस कसा ओशाळा दिसतो, तसे हे स्टुलावर बसून होते. समोर घमेल्यात पाण्याची वाफ निघत होती. मांडीवर टॉवेल होता. मलमाची ट्यूब अजून अर्धी भरलेली होती.

मी मशीनवरून उठले. खुर्ची ओढत नेली, ह्यांच्या समोर मांडली, बसले आणि उजवा पाय उचलून सरळ ह्यांच्या मांडीवर ठेवला. 

ह्यांनी सवयीने पाय धरला. सवयीनेच दुसऱ्या हाताने टॉवेल उचलला आणि माझ्या तोंडावर टाकायला निघाले.

"तोंड नका झाकू," मी म्हटलं. "मले पाहू द्या."

टॉवेल तसाच हातात राहिला. ह्यांनी चष्मा नाकावर सरकवला, पाय उजेडाकडे वळवला आणि तळवा पाहिला. बराच वेळ पाहिला. बोटाने कडेला हलकेच दाबलं. मी ओठ चावला.

"कधीपासून हाय हे?"

"कोंबड्याच्या अगोदरपासून."

"अन् सांगतलं नाही?"

"सांगतलं होतं. नुसती आरवली नाही मी."

ह्यांनी पाण्यात कोपर बुडवून पाहिलं, पाय हळू पाण्यात सोडला आणि खाली मान घालून बसले. मग म्हणाले, "चल, लुगडं बदल. आत्ताच दवाखान्यात जाऊ."  ह्यांचं तोंड पार उतरलं होतं. कोंबड्याच्या वेळी ते असं एकदाही उतरलं नव्हतं.

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. माझा तळवा मला तेव्हाही दिसत नव्हता. पण ह्यांचं तोंड दिसत होतं, आणि त्या तोंडावर तो दिसत होता.