साहेबांच्या बागेची मोजणी

साहेब म्हणजे काही फार मोठे साहेब नव्हेत. वजनमापे खात्यात इन्स्पेक्टर म्हणून एकतीस वर्षं काढली, आठ वर्षांपूर्वी निवृत्त झाले, पण लोकांच्या तोंडात 'साहेब' बसलं ते बसलंच. दुकानात शिरायचे, काट्यावर स्वतःचं प्रमाणित वजन ठेवायचे, चष्मा कपाळावर चढवून बघायचे आणि काट्यात दहा ग्रॅमची जरी लबाडी निघाली तरी तिथल्या तिथे सील ठोकायचे. चहा नाही, पाणी नाही, गप्पा तर नाहीच नाही. असा माणूस गल्लीत किती लाडका असणार, हे वेगळं सांगायला नको.

घरीही तीच तऱ्हा. शिंप्याकडून आलेला सदरा आधी टेपखालून जायचा, मग अंगात. मुलाची उंची दर महिन्याच्या एक तारखेला मोजली जायची आणि वाढली नसेल तर त्याच्याकडे खुलासा मागितला जायचा.

गेल्या वर्षी बायको न्हाणीघरात घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला, तीन महिन्यांत ती घरातल्या घरात हिंडायला लागली. मागच्या परसात मात्र तिला जाता येईना. घर उंचावर, परस खाली, मधे अकरा पायऱ्या. तीस वर्षं तिनं तिथे भाजीचे वाफे केले होते. आता गुडघाभर तण माजलं. बायको दिवसभर खुर्चीत बसून समोरच्या भिंतीकडे बघायची. जेवण निम्म्यावर आलं. डॉक्टर म्हणाले, यांना घराबाहेर काढा, नाहीतर या त्या खुर्चीतून पुन्हा उठायच्या नाहीत. हिला परसात उतरवायचंच, असं त्यांनी ठरवलं.

मुलगा दुसऱ्या शहरात. तो फोनवर म्हणाला, बाबा, एखाद्या गवंड्याला सांगा, दोन दिवसांत उतार करून देईल. साहेब भडकले. ज्यानं जन्मभर दुसऱ्यांचे परवाने तपासले, त्यानं बिनपरवान्याच्या माणसाला आपल्या बायकोच्या पायाखालचं काम द्यायचं? त्यांनी चार ठिकाणी चौकशी करून नोंदणीकृत लँडस्केप आर्किटेक्ट गाठली. म्हणजे कोण, असं मुलानं विचारलं. इमारत आखतो तो नुसता आर्किटेक्ट आणि इमारत सोडून उरलेली जागा जी आखते ती ही, असं साहेबांनी ठणकावून सांगितलं. त्यांनाही ते आदल्याच दिवशी कळलं होतं.

बाई आल्या त्या बुटांना चिखल आणि खांद्यावर नकाशांचं नळकांडं घेऊन. साहेबांनी आधी नोंदणीचा दाखला मागितला. क्रमांक वहीत उतरवला, मुदत बघितली, शिक्क्यावरून अंगठा फिरवला. मग साहेबांनी स्वतः काढलेला नकाशा पुढे सरकवला. मागच्या दारापासून परसापर्यंत एक सरळसोट उतार, आलेखाच्या कागदावर, दोन रंगांत. बाकी काही नको, फक्त सही करा, म्हणाले.

बाईंनी नकाशा नीट बघितला आणि सही करायला साफ नकार दिला. वॉकरवाल्या माणसाला एक फूट उतरायला बारा फूट लांबी लागते. परस साडेपाच फूट खाली, म्हणजे सहासष्ट फूट उतार, वर मधे थांबायला सपाट जागा वेगळ्या. परस जेमतेम तीस फूट लांब. उताराला तीन वळणं द्यावी लागणार आणि वाफ्यांना चटईएवढी जागा उरणार.

"तुमच्या उतारावरून काकू थेट मागच्या कुंपणात जातील," बाई म्हणाल्या.

बाई काम फुगवतायत, अशी साहेबांना शंका आली. त्यांनी टेप आणून परसाची खोली मोजली. दोनदा मोजली. साडेपाचच भरली. नोकरीत समोरच्याचं माप बरोबर निघालं की ते एकच शब्द बोलायचे, 'ठीक'. तोच बोलले.

मग बाई तीच टेप घेऊन घरात शिरल्या आणि चक्क बायकोची मापं घ्यायला लागल्या. हात कुठवर पोचतो, किती उंच बैठक असली की आधाराशिवाय उठता येतं, किती पावलांवर दम लागतो. बावीस पावलांवर लागत होता. दारात उभ्या असलेल्या साहेबांना हा आकडा माहीत नव्हता. एवढा मोजणारा माणूस, पण हे मोजायचं त्यांना कधी सुचलं नव्हतं.

शेवटी बाईंनी टेप गुंडाळली आणि विचारलं, "काकू, तुम्हाला जायचंय कुठं?"

"परसात," साहेब म्हणाले.

"मी त्यांना विचारलं."

"फाटकापर्यंत," बायको म्हणाली.

आजारपणात हिचा गोंधळ होतोय, असं साहेबांना वाटलं. अगं, तुझी बाग मागे आहे, त्यांनी समजूत घातली.

"माझी कसली? बी तुम्ही आणलंत. मला मातीत हात घालायचा लहानपणापासून कंटाळा," बायको म्हणाली. "तुम्ही लोकांच्या शिव्या खाऊन घरी यायचात आणि मागच्या खिडकीत उभे राहून मला पाणी घालताना बघायचात. तेवढा वेळ तुमच्या कपाळावर आठी नसायची. म्हणून केलं."

तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच साहेबांना जड गेलं.

"मला माणसं हवी होती हो. मी दुकानात शिरले की सगळे गप्प व्हायचे. तीस वर्षं माझ्याशी कुणी भाव सोडून दुसरं काही बोललं नाही."

बाई नळकांड्याचं झाकण उघडत बसल्या, बंद करत बसल्या. साहेब रात्री जेवले नाहीत.

नवा नकाशा पुढच्या अंगणाचा झाला. तिथे तीनच पायऱ्या, अठरा फुटांत काम भागलं. फाटकाजवळ दोन माणसांचा बाक, बायकोच्या मापाचा, हात टेकायला दोन्हीकडे दांड्या. संध्याकाळी पाचला सावली कुठे पडते हे बघायला बाई एक अख्खी दुपार अंगणात नुसत्या बसून राहिल्या. साहेबांनी ही वेळसुद्धा वहीत नोंदवली. रस्त्याकडची भिंत बाईंनी अडीच फुटांवर आणली, म्हणजे बसलेलं माणूस रस्त्यावरून दिसावं. साहेब रोज सपाटी तपासायची पाणसळ घेऊन गवंड्याच्या डोक्यावर उभे. एके ठिकाणी अर्ध्या इंचाचा फरक निघाला तर त्यांनी तेवढं उखडायला लावलं. एवढं चालतं हो, असं बाई म्हणाल्या.

"ती चालणार आहे," साहेब म्हणाले.

काम पुरं झाल्यावर पहिल्याच दिवशी संध्याकाळी दोघं बाकावर जाऊन बसले. बायकोनं ठेवणीतली साडी नेसली होती. समोरून किराणावाली पिशवी घेऊन आली. तिच्या नवऱ्याचा काटा साहेबांनी दोनदा सील केला होता. बायकोकडे बघून तिचं पाऊल मंदावलं, मग नजर साहेबांवर गेली आणि ती रस्ता ओलांडून पलीकडून निघून गेली. पाठोपाठ शिंपी आला, तोही मान खाली घालून गेला. अर्ध्या तासात सहा जण गेले, साहेबांनी मोजले. बायको नुसती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

साहेब उठले. चहा ठेवतो, म्हणाले.

ते आत जाऊन आधण ठेवतात तोच बाहेर फाटकाची कडी वाजली. किराणावाली परत आली होती. कसं झालं, कुठं पडलात, आता दुखतं का, असं सगळं ती विचारत होती, आणि बायको न्हाणीघराची हकीकत पहिल्यापासून सांगत होती. मधेच ती हसली. हे हसणं साहेबांनी शेवटचं कधी ऐकलं होतं, ते त्यांना आठवेना.

त्यांनी दोन कप भरले आणि ट्रे बाहेर नेला. त्यांना बघताच दोघी गप्प झाल्या. साहेबांनी ट्रे बाकावर ठेवला, साखर घातली आहे एवढंच सांगितलं आणि आत आले. दोघींना मोकळं बोलता यावं म्हणून त्यांनी येताना दार ओढून घेतलं.