कल म्हणजे काल

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळ नाही — आणि जिच्याजवळ बोलायला हवं होतं तिच्याजवळ तर नाहीच. आज तुम्हाला सांगते आहे ते काही धीर आला म्हणून नव्हे. लपवायचा कंटाळा आला, एवढंच.

गोष्ट तशी लहान. एका शब्दाची. शब्दही दोनच अक्षरांचा.

मध्य प्रदेशातल्या बालाघाटचा सरता मे महिना तुम्ही पाहिलाय का? लोणचं घालून झालेलं असतं, कुरड्या-पापड डब्यांत गेलेले असतात आणि पावसाला अजून अवकाश असतो. करण्यासारखं काही उरत नाही. ऐंशीच्या दशकात तर दुपारी वीजही नसे. सासूबाई जेवण झालं की ओली चादर पांघरून आतल्या खोलीत झोपत. नवरा लाकडाच्या डेपोत कारकून, तो संध्याकाळी यायचा. छोट्या लाइनच्या गाडीची शिट्टी ऐकू आली की समजायचं, तीन वाजले. पहिल्या उन्हाळ्यात तर पुढचे तीन तास मी घरापुढच्या छपरीत बसून भिंतीवरच्या मुंग्या बघायची.

मी अमरावतीकडच्या खेड्यातली. लग्न होऊन दोन वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, आणि हिंदीच्या नावानं आनंद. पहिल्याच हिवाळ्यात एकदा दूध आलं नाही, तर दुसऱ्या दिवशी मी दूधवाल्यावर बरसले — ‘कल दूध क्यों नहीं लाएगा?’ तो बिचारा हात जोडून म्हणाला, ‘लाऊँगा बाई, जरूर लाऊँगा.’ मी कालच्या दुधासाठी भांडतेय आणि तो उद्याचं वचन देतोय! आमची गल्ली महिनाभर हसत होती. सासूबाई आल्यागेल्याला तो किस्सा सांगायच्या.

हसली नाही ती फक्त नंदा. शेजारच्या मास्तरांची मुलगी, माझ्याहून दोन वर्षांनी लहान, बी.ए. झालेली. नोकरीसाठी सगळीकडे अर्ज करत होती. तिच्याकडे एक जाडजूड वही होती. वर्तमानपत्रातली कात्रणं त्यात चिकटवलेली, बाकी कुठून कुठून टिपलेलं — इंटरव्ह्यूत विचारतील म्हणून. रोज दुपारी ती वही घेऊन माझ्याकडे यायची. माठातलं पाणी थंड काहून होते? पालीची शेपूट तुटली त तिले दुखते का? कावळा उन्हात चोच उघडी काहून ठेवते? मला एकाचंही उत्तर यायचं नाही. तिला मजा वाटायची, मलाही वाटायची. बदल्यात ती मला हिंदी शिकवायची.

कल हा शब्द तिनंच शिकवला. ‘वहिनी, कल दोन्हीकडं जाते. मागंबी जाते, पुढंबी जाते. त्याच्याकडं पाहूच नका. शेवटी काय हाय ते पाहा. है म्हणलं त उद्या, था म्हणलं त काल.’ मग दहा वाक्यं म्हणून घेतली. दहाही बरोबर आली तेव्हा टाळी वाजवली होती तिनं.

बघा, मुद्द्यावर यायचं तर मी अजून टाळ्यांपाशीच घुटमळते आहे.

त्या दिवशी नंदाच्या घराला कुलूप होतं. रामपायलीला नात्यातला साखरपुडा होता, सगळी संध्याकाळच्या बसनं परतणार होती. दुपारी फाटकाशी एक माणूस आला. घामाघूम झालेला, डोक्याला पंचा बांधलेला. लांब बिरशा गावाकडच्या एका शाळेचा चपराशी, जिल्ह्याच्या कचेरीत कामाला आला होता. मी पाणी दिलं. उभ्याउभ्या त्यानं निरोप सांगितला. ‘कल ग्यारह बजे इंटरव्यू है. बिटिया को जरूर भेज देना. जगह एक ही है, और हेडमास्टर साहब को अर्जी पसंद है.’

मी म्हटलं, ‘हौ, सांगतो.’

सकाळी सहाला बिरशाची बस सुटायची. वेळ भरपूर होता. तो गेला आणि मी छपरीत बसले. डोक्यात काय चाललं होतं — खरं सांगू? आधी आलं ते एवढंच की नंदा गेली तर उद्यापासून दुपारी काय करायचं? ही मुंग्यांची भिंत? कोण विचारणार मला पालीच्या शेपटीचं? तिचा लळा लागला होता म्हणून घडलं, असं म्हणायची सोय आहे. पण ते अर्धंच आहे. उरलेलं अर्धं असं की मीही बारावी झाले होते, वर्गात पहिली आले होते, आणि राखेनं भांडी घासत बसले होते. तिला खोली मिळणार, शाळा मिळणार, लोक मॅडम म्हणणार. मला ते सहन झालं नाही. हेवा वाटला, साधा हेवा. दुसरा शब्द नाही त्याला.

संध्याकाळी ती मंडळी आली. नंदा हातात पिशवी घेऊन सरळ माझ्याकडेच आली, साखरपुड्यातले दोन लाडू द्यायला. तिची आई, काकू, कुलूप उघडत होत्या, मास्तर बाजेवर टेकले होते. छपरीत आम्ही दोघीच. मी म्हटलं, ‘बिरशाच्या शाळेचा चपराशी आलता. कल तुझा इंटरव्यू, म्हणे.’

तिचा चेहरा आधी उजळला, मग थबकला. आणि तिनं विचारलं, धडा घेताना विचारायची अगदी तसंच —

‘वहिनी, तो है म्हणला का था म्हणला?’

मी म्हटलं, ‘था.’

‘नीट आठवा ना.’

‘था म्हणला. तू काहून नाही आली ते विचारून राह्यलता.’

ती लाडू ठेवून घरी गेली. रात्री तिच्या रडण्याचा आवाज आला नाही. आला असता तर मी उठून गेले असते का? नसते गेले.

आठवड्याभरानं मास्तरांना तोच चपराशी बाजारात भेटला. बिटिया का आली नाही, असं त्यानं विचारलं. दुसरी मुलगी तोवर रुजूही झाली होती. मास्तर तसेच आमच्या दारात आले, मागून काकू, मागून नंदा. पण काय झालं माहीत आहे? सासूबाईंनी कपाळावर हात मारला — ‘अवो मास्तर, हिले कुठं हिंदी येते! कल म्हणलं का काल समजते हे. ते दुधाचं नाही का आठवत?’ काकूंनी डोळ्याला पदर लावला. मी मान खाली घातली, आणि सगळ्यांना ती लाजेची वाटली. मास्तर एवढंच म्हणाले, ‘पोरीचं नशीब गेलं, बाई.’

तेव्हा नंदा म्हणाली, ‘बाबा, वहिनीले काहून बोलता? त्याहिले है आन् थाचा फरक नाही समजत.’

माझ्याकडे न बघता म्हणाली.

मी आजही त्या वाक्यापाशी अडते. तिला कळलं नव्हतं, की तिनं मला वाचवलं, की ती मला काही ऐकवत होती? विचारायची हिंमत कधी झाली नाही.

दुपारी मात्र मला मिळाल्या. नंदा येत राहिली, तिला तरी दुसरीकडे कुठे जायचं होतं? वही आणायची, कधी एखादा प्रश्न विचारायची. हिंदी शिकवणं थांबलं. एकदा मी मुद्दाम म्हटलं, ‘कल बहुत गरम होगा था.’ ती एरवी खदाखदा हसली असती. तिनं पान उलटलं. पुढं तिचे अर्जही थांबले आणि वर्षभरात गोंदियाला लग्न झालं. तिथं ती शिलाई मशीन चालवायची, असं काकू सांगायच्या. शाळेत काही ती कधी गेली नाही.

माझं म्हणाल तर मला तेव्हापासून हिंदी नीट बोलता आलेली नाही. म्हणजे येते — सगळी येते. पण बोलायची सोय नाही. मला कल समजतो हे कळलं, तर पुढचं सगळं कळेल. म्हणून इतकी वर्षं भाजीवाल्याजवळ, दवाखान्यात, सुनेच्या माहेरच्यांपुढे मी है आणि थाची गल्लत करते आहे. जपून, आठवणीनं. फार थकवा येतो त्याचा.

मागच्या उन्हाळ्यात गल्लीतल्या एका लग्नाला नंदा आली होती. केस पांढरे, चष्मा जाड. मांडवात शेजारी बसली. माझी नात सगळ्यांना हसून सांगत होती, ‘दादी को आज तक कल नहीं समझता.’

नंदानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. ‘हौ बेटा,’ ती म्हणाली, ‘त्याहिले पहिल्यापासूनच नाही समजत.’

सगळे हसले. मीही हसले. चपराशी ‘है’ म्हणाला होता.