माझ्या पाठीवरचं मीठ

ज्या मावशींनी मला त्या दुपारी वाचवलं, त्यांचं आधी सांगतो. साठीच्या आसपासच्या, कपाळावर हिरवं गोंदण असलेल्या, आणि उन्हाळाभर वाटूरजवळच्या एका रस्त्याकडेच्या कडुलिंबाखाली मेंढरं घेऊन बसणाऱ्या. त्यांच्या खालोखाल उपकार त्यांच्या एका मेंढीचे. मेंढीचे उपकार मानतो म्हटल्यावर घरचे पोट धरून हसतील, म्हणून घरी हे अजून कळवलेलं नाही.

घर कोकणात, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. आठवीत शाळा सोडली आणि हॉटेलात कपबश्या विसळ, ट्रकवर क्लीनरकी कर, असं करत करत वाटूर फाट्यावरच्या एका फुलांच्या दुकानात येऊन टेकलो. हार ओवायला मला लवकर जमलं, म्हणून मालकांनी ठेवून घेतलं. मला भीती बऱ्याच गोष्टींची वाटते. साप, मागून येणारे ट्रक, अनोळखी नंबरवरून आलेला फोन. पण सगळ्यात मोठी भीती ही, की मालक एक दिवस घरी जा म्हणतील.

त्या दिवशी मे महिन्यातली लग्नांची दाट तिथ होती. मालक मोटरसायकलवर फुलं लादून एका लग्नाला गेले होते, आणि दुसऱ्या लग्नाचा माल दुकानातच राहिला होता. दोन वरमाला आणि मोगऱ्याचे वीस गजरे. गाव सहा-सात किलोमीटरवर. मालकांचा फोन आला.

"बारा पस्तीसचा मुहूर्त हाय. सायकल घे अन् जल्दी नीघ. मी इकडून परस्पर तिथं येतो. माला कोमेजली तर दुकानात येऊ नको, तिथूनच कोकणाची गाडी धर."

निघालो तेव्हा साडेअकरा झाले होते. तयारी मात्र मी चोख केली. टोपलीत खाली बर्फाची पिशवी, त्यावर केळीचं पान, त्यावर माला, वर ओलं पोतं. सायकलच्या चाकात हवा जरा कमीच ठेवली, उन्हानं ट्यूब फुटू नये म्हणून. म्हणजे फुलांची काळजी झाली, ट्यूबचीही झाली. स्वतःसाठी मी लग्नाचं घर म्हणून माझा एकुलता एक चांगला शर्ट घातला, तो काळा. डोक्याला काही नाही. इथली माणसं मोठा पांढरा रुमाल, दस्ती म्हणतात त्याला, कानासकट डोक्याला गुंडाळतात. मला वाटायचं, ही इथली फॅशन असावी.

बाटलीभर पाणी घेतलं होतं. ते दर अर्ध्या किलोमीटरला थांबून पोत्यावर शिंपडलं. प्यायलो नाही. त्याला माझ्या हिशोबानं कारण होतं. आमच्याकडं उकडतं म्हणजे अंगातून धारा लागतात, शर्ट पिळून काढावा लागतो. इथं माझं अंग कोरडं ठणठणीत. घामच नाही, मग पाणी कशाला? उलट वाटलं, पहिल्याच उन्हाळ्यात आपल्याला इथलं ऊन मानवलं. हँडलचं लोखंड धरवत नव्हतं, म्हणून एकेक हात आळीपाळीनं सोडून चालवत होतो, आणि मनात स्वतःचं कौतुक चाललं होतं.

मग डांबरावर पाणी दिसायला लागलं. ते सगळ्यांनाच दिसतं. मला त्या पाण्यात होडी दिसली. होडी मधोमध उभी, म्हणून मी घंटी वाजवली. ती हलेना, म्हणून आणखी वाजवली. जवळ गेलो तर ते कडुलिंबाचं डेरेदार झाड निघालं, आणि मी घंटी वाजवत वाजवत त्याच्या सावलीतल्या मेंढरांत जाऊन आडवा झालो.

डोळे उघडले तेव्हा पालथा पडलेलो होतो आणि कुणीतरी माझ्या पाठीवर ओली कानस चालवत होतं.

"ए, हाट! सोड त्याला!" कुणीतरी ओरडलं. मग तोंडावर पाणी आलं. "उठ बाबा. कुठला तू?"

"मावशी, पाठीला काय झालं?"

"मेंढी चाटून राह्यली. मीठ लागलंय तिला."

"माझ्या पाठीला मीठ कुठनं येणार? मला तर घामच न्हाई आला."

मावशींनी माझा शर्ट मागून पुढं ओढून डोळ्यांसमोर धरला. काळ्या कापडावर पांढरे नकाशे उमटले होते. "ह्ये काय मंग? घाम आल्ता, वाळून गेल्ता. तुझ्या अंगातलं समदं मीठ शर्टावर आलंय. मुक्या जनावराला कळलं, तुला न्हाई?"

त्यांनी मला गाडग्यातलं पाणी दिलं, चिमूटभर मीठ आणि गुळाचा खडा घालून. गटागटा प्यायला लागलो तर हातावर चापट मारली. "घोट घोट." मग सायकलकडे गेल्या, टोपलीवरचं ओलं पोतं उचललं आणि माझ्या डोक्यावर टाकलं.

मी ओरडलो, "मावशी, फुलं!"

"गप बस. फुलाला पाणी पाजतो अन् सोता कोरडा! इथं मेलास तर तुझ्या मायला काय सांगू, फुलं ताजी हायेत मनून?"

पोत्याखाली गार वाटत होतं. डोळे मिटले. उघडले तेव्हा एक कोकरू नवरीसाठी आणलेली वरमाला निम्मी खाऊन पुढच्या गुलाबावर विचार करत होतं.

मी रडकुंडीला आलो. बारा वीस झाले होते. "गेली नोकरी मावशी. पंधरा मिनिटांत मुहूर्त!"

मावशी हसायला लागल्या. इतक्या हसल्या, की मेंढरं माना वर करून बघायला लागली. "बारा पस्तीस? ते पत्रिकेत, बाबा! नवरदेवाचा परण्या आत्ता कुठं मारोतीला निघाला असंल. नवऱ्याचे दोस्त मारोतीपुढं दोन वाजेपतूर नाचत्यात. तुमच्याकडं पत्रिकेतल्या टायमाला लग्न लावतेत का?"

"हो. मिनिटाला."

"मंग नाचता कवा?"

त्या म्हणाल्या, तुला सुई-दोरा येतो, गजरे हायेत, बस सावलीला अन् जोड. कोकरानं खाल्लेल्या बाजूला मी खिशातल्या सुई-दोऱ्यानं गजरे ओवले. त्यांनी अर्धी भाकर आणि कांदा खायला लावला. दुसरा कांदा खिशात घातला. "ऊन लागत न्हाई त्यानं," म्हणाल्या, आणि लगेच, "पण पाण्याबिगर कांदा काय करील बिचारा. पाणी पीत जाय. तहान लागायच्या आदी." निघताना त्यांनी स्वतःची दस्ती माझ्या डोक्याला, कानासकट, इतकी घट्ट बांधली, की मला मालकांचा फोन ऐकू आला नाही. तेही बरंच झालं.

पुढं प्रत्येक झाडाखाली थांबत, मावशींनी बाटलीत भरून दिलेलं पाणी घोट घोट पीत, पावणेदोनला पोचलो. मावशी चुकल्या होत्या, पण थोड्याच. नवरदेव मारुतीपासून जेमतेम दहा पावलं पुढं आला होता आणि त्याचा मामा रस्त्यात नागीण झाला होता.

मालक मांडवाच्या दारात उभे. माझी दस्ती, पाठीवरचे नकाशे, खिशातला कांदा, सगळं बघून झालं. मग माला उचलली. एका बाजूनं गुलाब, दुसऱ्या बाजूनं मोगरा.

"ही कसली?"

मी सगळं सांगितलं. मेंढीचंही सांगितलं. तेवढ्यात नवरीची बहीण माला बघून आत घेऊन गेली, "ताई, तुझी येगळीच हाय गं!" असं ओरडत.

"जेवून घे," मालक म्हणाले. "अन् ऊन उतरल्याबिगर सायकलला हात लावू नको. उद्या दुकान आठला उघड."

आता मी दुपारची फुलं सकाळी ऊन चढायच्या आत पोचवतो. दस्ती परत द्यायला गेलो होतो. मावशींनी घेतली नाही. समुद्राचं ऐकल्यावर त्यांनी एकच विचारलं, "तिकडं मीठ लई असतंय मनतेत, खरं का?" खरं आहे. आमच्याकडं मिठागरं आहेत. मावशी, मी घरी जाईन तेव्हा येताना खडेमिठाचं एक पोतं आणीन, तुमच्या मेंढरांसाठी, आणि त्यातला पहिला खडा माझी पाठ चाटणाऱ्या त्या मेंढीला देईन. कळपात मी तिला ओळखणार नाही, पण ती माझी पाठ ओळखेल.