मोरीच्या पाण्याचं तेल

आमच्या खोलीतल्या काकांइतका पाण्यावर जीव टाकणारा माणूस अख्ख्या सौदीत सापडणार नाही, आणि तोही सांडपाण्यावर! राजापूरकडचे हे काका जौफच्या ऑलिव्हच्या बागेत पाइपफिटर होते. शहराचं सांडपाणी शुद्ध करून तिथल्या झाडांना सोडत. इंजिनियर त्याला ‘ट्रीटेड वॉटर’ म्हणत, काका मात्र सरळ ‘मोरीचं पाणी’ म्हणत, तेही लाडाने. रोज सकाळी ठिबकच्या नळीला नाक लावायचं आणि “आज चांगलं आहे हो,” असं झाडाला सांगायचं, हा त्यांचा नेम. मी इलेक्ट्रिशियन म्हणून नवा आलो आणि कॅम्पातलं जेवण घशाखाली उतरेना, तेव्हा याच काकांनी स्वतःच्या हातची मऊ पेज करून मला जगवलं. ते उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

एकच गोष्ट त्यांना सलायची. त्या झाडांचं तेल खोलीत कोणी तोंडाला लावत नसे. “काका, गटाराचं तेल तुम्हीच खा,” म्हणून सगळे नाकं मुरडत. लॅबने तेल चोख आहे असं सांगितलं, तरी कोणी बधेना. शेवटी काकांनी दोन वाट्या मांडल्या. एकीत विहिरीच्या पाण्यावरच्या झाडांचं तेल, दुसरीत मोरीच्या. खुबूसच्या रोटीचा तुकडा बुडवून चाखल्यावर आम्ही जी वाटी ‘हीच गटाराची’ म्हणून एकमुखाने दूर सारली, ती विहिरीची निघाली! काका इतके हसले की कवळी हातात घ्यावी लागली.

असे हे शूर काका घरी मात्र चिडीचूप. काकूंचं सोवळं कडक. नवरा ‘पाणीखात्यात’ आहे, एवढंच त्यांना ठाऊक. काका कायमचे घरी निघाले, तेव्हा तेलाची बाटली बॅगेत ठेवत आणि परत काढत. “तिला फसवून खायला घालायचं नाही रे,” म्हणाले, “आणि ती नको म्हणाली, तर इतकी वर्षं मी केलं काय?” अखेर मीच फोन लावून दिला. काकांनी घसा खाकरत सगळं सांगून टाकलं. मग काकू म्हणाल्या, “अहो, आपल्या परसातल्या माडांना काय विहिरीचं पाणी घालते मी? न्हाणीचंच जातं ना? त्याच नारळाची सोलकढी वाट्यावर वाट्या ओरपता तुम्ही. आणा ती बाटली!”

काकांनी डोळे पुसले आणि बाटली लुंगीत नीट गुंडाळून बॅगेत ठेवली.

आता पेज मीच शिजवतो, वर चमचाभर ते तेल घालतो. काकांची फार आठवण येते. सकाळी नळीला नाक लावतो, वास कसलाच येत नाही. तरी झाडाला सांगतो, “आज चांगलं आहे हो.”