आईनं बघितलेला गुरू

"आता बाळंत होईपर्यंत कॉट सोडायची नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "चालणं संडासापुरतं. जिना विसरा, शाळा विसरा." मी मान डोलावली. आधीचं बाळ पाचव्या महिन्यातच गेलं होतं. या वेळी पिशवीच्या तोंडाला टाका घातला होता. नको म्हणायची सोयच नव्हती.

पण मी एका जागी टिकणारी बाई नाही. चौसाळ्याच्या शाळेत विज्ञान शिकवताना फळ्यापासून शेवटच्या बाकापर्यंत माझ्या येरझाऱ्या चालू असायच्या. आणि आता माहेरी, अंबाजोगाईत, अंगणाकडच्या खिडकीला लावलेल्या कॉटवर मी उताणी पडून. नवरा कड्याच्या साखर कारखान्यात प्रयोगशाळेत, ऐन हंगामात त्याला हलता येत नव्हतं. वडील वारलेले, घरात आई आणि मी. पाय आपोआप हलायचे. चहा गोड झाला तरी मी चिडायचे, अगोड झाला तरी चिडायचे. बाळ हललं की घाबरायचे, आणि हललं नाही की त्याहून जास्त.

हिवाळ्याचे दिवस. दिवेलागणीला खिडकीतून पूर्वेला एक ठळक, न लुकलुकणारा ठिपका वर यायचा. गुरू. शाळेची दुर्बीण माझ्याशिवाय कुणी हाताळत नव्हतं. मी मुख्याध्यापकबाईंना फोन केला आणि त्यांनी ती पाठवून दिली. दुर्बीण अंगणात मांडल्यावर लक्षात आलं की तिच्यातून बघायला उभं राहून वाकावं लागतं. मला त्याचीच मनाई होती.

"मी बघते," आई म्हणाली. "तू आतून सांग, कुठं फिरवायचं ते."

पहिल्या संध्याकाळी नुसता गोंधळ. दुर्बिणीला धक्का लागला की गुरू पळायचा, आणि धक्का नाही लागला तरी हळूहळू नळीबाहेर सरकायचा. "हे येडं एका जागी ठरत न्हाई," आई ओरडली. मी आतून म्हटलं, "माय, तो नाही पळत. आपली पृथ्वी फिरती." शेजारी गॅरेजवाले चाचा राहतात. भिंतीवरून हे सगळं ऐकून ते आले. "बेटा, हे थरथरतंय कावून?" म्हणाले, आणि दुर्बिणीच्या तिन्ही पायांच्या मधे जुन्या नटबोल्टांचा डबा टांगून गेले. थरथर थांबली.

मग आईनं नळीला डोळा लावला. इतका वेळ लावून राहिली, की मी उठून बसायच्या बेतात होते.

"अगं, हे गोल हाय," ती म्हणाली. "पण जरा चपटं. आन पोटावर दोन पट्टे हायत, मातकट. आन शेजारी बारीक बारीक ठिपके, एका रेघेत. चार हायत."

"ते त्याचे चंद्र."

"चार चंद्र?"

"खूप आहेत. आपल्याला चार दिसतात."

तिनं मोबाईल दुर्बिणीला लावून फोटो काढून आणला. त्यात नुसता पांढरा डाग होता. म्हणजे तिच्या बोलण्यावरच मला समाधान मानायचं होतं.

त्यानंतर रोज भाकरी टाकायच्या आधी ती अंगणात जायची आणि मला वर्दी द्यायची. "डावीकडं तीन, उजवीकडं एक." "आज दोन-दोन." मी कॉटवर पडून विचार करायचे, कोण कुठं गेलं असेल. या चारांतला गुरूच्या सगळ्यात जवळचा चंद्र, आयो, दोन दिवसांच्या आत फेरी पुरी करतो. रोज त्याची जागा वेगळी. आईनं त्याचं नाव चुळबुळ्या ठेवलं. "तुझ्यावानीच," म्हणाली.

मी तिला सांगायचे. गुरूवर पाय ठेवायला जमीन नाही, आत आत जावं तसा वायू दाट होत जातो. एवढा अगडबंब, पण दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो, म्हणून तर चपटा. त्याच्यावर एक तांबडं वादळ आहे, आपली पृथ्वी त्यात मावेल एवढं, माणसं बघायला लागल्यापासून ते शमलेलं नाही. चुळबुळ्याला एकीकडून गुरू ओढतो, दुसरीकडून बाकीचे चंद्र, म्हणून त्याचं पोट तापतं आणि ज्वालामुखी फुटत राहतात.

"कणकेवानी मळत्यात म्हण की त्याला," आई म्हणाली.

त्याच्या पलीकडचा युरोपा बर्फानं झाकलेला, खाली समुद्र असावा. हे ऐकल्यावर तिनं विचारलं, "आन वर यायला त्याला वाट?"

एका गुरुवारी तिचा उपास होता. ती दुर्बिणीपाशी गेली आणि लगेच आत आली. "तीनच हायत. चुळबुळ्या न्हाई."

"गुरूच्या मागं गेला असेल. नाहीतर त्याच्या सावलीत. तिथं अशी ग्रहणं सारखी लागतात."

ग्रहण म्हटल्यावर तिचा चेहरा उतरला. ती पुन्हा बाहेर जाऊन आली. तरी तीनच. मग तिनं दुर्बिणीवर जुनं लुगडं टाकलं आणि सांगितलं, "बास झालं आता. पोटुशीच्या घरात हे नको."

दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. खिडकीतून गुरू दिसायचा आणि मी तळमळत पडायचे. शेवटी माझा तोल सुटला. "माय, असलं काही नसतं! मी मुलांना हेच शिकवते!" बोलता बोलता मी कॉटवरून उतरून उभीच राहिले.

"खाली बस!" तिचा आवाज एवढा चढला की मी बसले.

तीही कॉटच्या कडेला बसली. "तुझ्या आधी एक होतं," ती म्हणाली. "सातवा म्हैना. कापूस वेचायला गेलते. पोटात कळा यायला लागल्या, तरी ओळ पुरी केली. पड म्हणून कुणी सांगितलं न्हाई. पोरगा का पोरगी, तेबी मला दाखवलं न्हाई."

हे मला ठाऊक नव्हतं. एवढ्या वर्षांत घरात कुणी बोललं नव्हतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिनं तो तसाच राहू दिला. मग भाकरी करायची म्हणून उठली.

दुसऱ्या दिवशी मी दुर्बिणीचा विषय काढला नाही. दिवे लागले तेव्हा अंगणात लुगडं झटकल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं ती खिडकीशी आली. "चौघंबी हायत," म्हणाली.

आठवा महिना संपायच्या आत, एका दुपारी, माझं पाणी गेलं. आईनं भिंतीवरून चाचांना हाक मारली. ते हातातला पाना घेऊनच धावत आले आणि कुणाच्यातरी दुरुस्तीला आलेल्या जीपमधून आम्हाला दवाखान्यात नेलं. टाका कापला. दिवस मावळायच्या आत मुलगी झाली. रडली, पण बारीक, मांजराच्या पिल्लासारखी. लगेच तिला काचेच्या पेटीत ठेवायला घेऊन गेले.

मला उठायची परवानगी नव्हती. आई तिकडं जायची, काचेला नाक लावून बघायची आणि परत येऊन सांगायची. "डोळे झाकलेलेच हायत. डावा हात हालवती. टाळूवर लई केस हायत." आणि पुन्हा जायची. नवरा कड्याहून आला, अंगाला मळीचा वास तसाच. त्यालाही तिनंच काचेपाशी नेलं. पुढचे दिवस कसे गेले ते मला सलग आठवत नाहीत. आठवतं ते एवढंच, की आईची चप्पल वाजली की मी श्वास रोखायचे, तिचा चेहरा दिसेपर्यंत.

मुलीनं वजन धरलं आणि आम्ही तिला घरी आणलं. तोवर थंडी सरली होती. संध्याकाळी गुरू आता डोक्यावर असायचा. एकदा मी स्वतः अंगणात गेले. दुर्बिणीला धरून वाकले. चपटा गोळा, मातकट पट्टे, रेघेत ठिपके. आईनं सांगितलं होतं तसंच सगळं, फक्त फार लहान. मी नीट बघायला गेले आणि मुलगी कुरकुरल्यासारखं वाटलं. तशीच आत धावले. ती गाढ झोपली होती. तरी मी तिच्या पोटाची वरखाली होणारी हालचाल बघत उभी राहिले, आणि पुन्हा बाहेर जायला मन होईना.

बाहेरून आईचा आवाज आला, "अगं, हे सरकलं बघ. येतीस का मी बघू?"

"तूच बघ," मी म्हटलं.